मैनेच्या पायाचे दोन फोटो

केडगावचे तांगेवाले गहिनीनाथ सातपुते यांच्याविषयी गावात जे सांगितले जाते, त्यातील निम्मे मी बाजूला ठेवले आहे. उरलेल्यात एक गोष्ट मात्र प्रत्येकाच्या सांगण्यात सारखी येते : त्यांचा कोणावर सहजी विश्वास बसत नाही. उतारूने ‘वेशीपर्यंत’ म्हटले, की कोणती वेस हे पक्के झाल्याखेरीज त्यांचा तांगा हलत नाही. हॉटेलात ते दाराकडे तोंड करून बसतात; घोडी नजरेआड होता कामा नये.

याचे मूळ ते स्वतः सांगतात. उमेदीच्या वयात त्यांनी यात्रेतून एक काळाभोर घोडा आणला. सीना नदीत धुतला तेव्हा तो तांबूस निघाला. “त्या दिसापासनं रंग दिसला की मी आधी हात लावून बघतो,” असे ते म्हणाले.

१९७१ च्या उन्हाळ्यात त्यांची घोडी मैना पुढचा डावा पाय जपून टाकू लागली. मैना काळी होती, आणि हा काळा रंग त्यांनी पुरता पारखलेला होता. तांग्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती. जनावर धडधाकट असल्याचा डॉक्टरी दाखला मिळाला नाही, तर तांगा दारात उभा राहणार होता. दुसरे घोडे त्यांच्याकडे नव्हते. त्यातच राहात्याचे आबासाहेब दोनदा येऊन मैनेला न्याहाळून गेले होते. ते वरातीसाठी घोड्या पुरवीत. वरातीत बँडच्या मागे सावकाश चालायचे असते. तिथे थोडे लंगडणे कोणाच्या ध्यानात येत नाही.

नगरात डॉ. मार्तंड निसळ यांचा जनावरांचा खासगी दवाखाना होता. माणसांच्या इस्पितळातून काढून टाकलेले एक क्ष-किरण यंत्र त्यांनी दुरुस्त करून घेतले होते. गहिनीनाथ घोडी घेऊन तिथे पोचले, तेव्हा ओट्यावर आबासाहेब बशीतून चहा पीत होते. आपली गाभण म्हैस दाखवायला आलो, असे आबासाहेबांनी सांगितले. म्हैस कुठे दिसत नव्हती.

डॉक्टरांनी प्रथम मैनेच्या मानेतून रक्त घेतले. सांध्यात पू किंवा जंतूंचा दाह असेल, तर रक्तातील पांढऱ्या पेशी वाढतात, हे त्यांनी समजावून सांगितले.

“रगत मानंचं आन दुखनं पायात,” गहिनीनाथ म्हणाले.

“रक्त सगळीकडे फिरतं, सातपुते.”

“फिरंल की. पर तुमी बघनार एकाच जागी.”

रक्तात वावगे काही निघाले नाही. दोन दिवसांनी डॉक्टरांनी पायाचा फोटो काढायला बोलावले. मैना यंत्राला बुजू नये, म्हणून गहिनीनाथांच्या पत्नी रंगुबाई सोबत आल्या; घोडी त्यांच्या आवाजाला शांत राही.

“पायाला काही औषध लावलंय?” डॉक्टरांनी विचारले.

“न्हाई,” गहिनीनाथ म्हणाले.

“औषध कसलंच न्हाई,” रंगुबाईंनीही सांगितले.

फोटोची फिल्म दिव्यासमोर धरताच खुरावरच्या सांध्याभोवती पांढरे ठिपके आणि ढगासारखे पुंजके दिसले. सांध्याभोवती हाड वाढले आहे, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. ही घोडी पुन्हा तांग्याला जुंपू नये, असे त्यांनी सांगितले.

“मंजी वरातीला चालंल,” गहिनीनाथ म्हणाले.

“मी वरातीचं नाव काढलं नाही.”

“तुमी न्हाई काढलं. ओट्यावर च्या पित हुतं त्यानं काढलं आसंल.”

डॉक्टर संतापले, तरी त्यांनी वाद वाढवला नाही, कारण त्यांनाही एक संशय आला होता. त्यांनी मैनेचा पाय उचलून सांधा दुमडून पाहिला. तो विनासायास दुमडला. इतके हाड वाढलेला सांधा ताठरलेला असायला हवा आणि घोडीने पाय हिसकायला हवा. दाखल्यासाठी कोणी सांध्यात बधिर करणारे इंजेक्शन दिले असेल काय? सुईचा व्रण शोधण्यासाठी त्यांनी स्पिरिटचा बोळा केसांच्या उलट दिशेने घासला. बोळा भगवा झाला.

“हे काय आहे?”

गहिनीनाथांनी बोळ्यावर बोट फिरवले. “तुमालाच ठावं. तुमच्या हातात हुता त्यो. आयडीन आसंल.”

“माझी आयोडीनची बाटली त्या कपाटात आहे.”

“म्या बी तेच म्हनतो. तुमच्याच कपाटात.”

इतका वेळ घोडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रंगुबाई तेव्हा बोलल्या. “अवो, शेंदूर हाय त्यो. मारुतीचा.”

दर शनिवारी त्या मारुतीचा तेल-शेंदूर आणून मैनेच्या दुखऱ्या पायाला लावीत. दवाखान्यात रक्त सांडते. देवाचा शेंदूर तिथे विटाळू नये, म्हणून निघण्यापूर्वी त्यांनी तो ओल्या फडक्याने पुसून काढला होता. वरचा रंग गेला, म्हणून गहिनीनाथांनीही तो निघाला असे धरले; पण काळ्या केसांच्या मुळाशी आणि कातडीच्या घड्यांत तो तसाच राहिला.

“मग मघाशी औषध लावलं नाही असं का सांगितलंत?”

“ते कुटं औषध हाय? देवाचं हाय.”

शेंदरात शिसे असते आणि शिशातून क्ष-किरण पार होत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितले. गहिनीनाथांनी ते ऐकून घेतले. मान डोलावली नाही. पाय साबणाने धुऊन, खरारा करून दुसरा फोटो काढण्यात आला. आता पुंजके नव्हते. सांधा स्वच्छ होता. पण त्याच्या खालच्या हाडावर, पूर्वी एक पुंजका होता त्याच जागी, केसासारखी बारीक रेघ होती. हाडाला चीर गेली होती. पूर्ण विश्रांती दिली तर ती सांधेल आणि घोडी पुन्हा जुंपता येईल, असे डॉक्टर म्हणाले.

“मगाशी रेघ नव्हती.”

“शेंदराखाली झाकली होती.”

“पांढरं व्हतं ते खोटं, आन आता रेघ खरी. उद्या तिसरं काडलं तर?”

“अवो, बघा की हात लावून,” रंगुबाई म्हणाल्या. “नायतरी तुमी तेच करनार.”

गहिनीनाथ खाली बसले. पुंजके दिसले होते त्या बाकीच्या जागा त्यांनी एकेक करून अंगठ्याने दाबल्या. मैना कान हलवत उभी राहिली. मग त्यांनी रेघेच्या जागी अंगठा टेकवला. घोडीने पाय हिसकून घेतला. त्यांनी थोडे थांबून पुन्हा दाबले आणि तिने पुन्हा हिसकला.

आबासाहेब त्या दिवशीही ओट्यावर होते. बाहेर येताच गहिनीनाथ त्यांना म्हणाले, “घोडी इकायची न्हाई.”

“लंगडी ठिवून काय करनार, नाथा?”

“बसवून खायला घालनार. तुमची म्हैस कुटं हाय?”

आबासाहेब उठून चपला घालू लागले. म्हैस खरोखर होती की नव्हती, याचा शोध मला लागलेला नाही. डॉक्टरांचे म्हणणे असे, की मागील आवारात ती बांधलेली होती.

परवाना त्या वर्षी उशिरा निघाला. तोवर तांगा दांड्या टेकून अंगणात उभा होता आणि गहिनीनाथ बाजार समितीत हमालीला जात. रंगुबाई शनिवारचा शेंदूर आता तांग्याच्या दांडीला लावू लागल्या. दिवाळीनंतर मैना पुन्हा केडगावच्या रस्त्यावर धावू लागली. दाखल्यासाठी डॉक्टरांनी तिला चालवून पाहिले, तेव्हा गहिनीनाथ शेजारून चालत होते, आणि त्यांची नजर घोडीच्या पायावर नव्हती. ती डॉक्टरांच्या हातांवर होती.