भिंतीपलीकडचे ब्लूज

कामावरून आलो आणि बूटही न काढता मोबाईलवर ब्लूजचा, म्हणजे संथ, उदास इंग्रजी गाण्यांचा, एक संग्रह लावला. गायक निरनिराळे, थकवा मात्र एकच.

लहानपणी डोंबिवलीच्या चाळीत हीच गाणी शेजारी नव्याने आलेल्या पीटर अंकलच्या कॅसेटवर वाजलेली. भिंतीपलीकडचे ते रडवे सूर ऐकून आई म्हणाली, "अरे, त्यांच्याकडे कोणीतरी गेलं वाटतं." सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून ती पिठलं-भात घेऊन निघाली. मीही मागोमाग गेलो.

अंकल कंपनीच्या कपड्यांतच बसलेले, अंगाला केमिकलचा वास. "कोण नाय गेला, वहिनी. नुसता दमलोय."

"म्हणजे चूल पेटलेली नाहीच ना?" म्हणत आईने ताट वाढलं.

तेव्हा मला हसू आलेलं. आज मात्र आवाज थोडा वाढवला आणि भिंतीकडे बघत बसलो.