निझवाच्या पाटावर

वेस्ट विंडसरहून निघताना माझ्या पर्समध्ये पासपोर्ट, आल्याच्या वड्या आणि दादा होता. दादा म्हणजे त्याची थोडी राख, स्टीलच्या छोट्या डब्यात. ओमानमधल्या निझवा गावात त्याने डॉक्टरकीची उमेदीची वर्षं काढली. किडन्या गेल्या तेव्हा आमच्याकडे न्यूजर्सीत आला. डायलिसिसवर त्याला पाणीसुद्धा मोजून, घोटाघोटाने मिळायचं. शेवटी बजावून गेला, "थोडा मला निझवाच्या पाण्यात सोड." थोरल्या भावाला नाही म्हणायची माझी काय बिशाद?

मस्कतच्या विमानतळावर अधिकाऱ्याने डबा हलवून विचारलं, "मसाला?" मी आपली मान डोलावली. दादा पोट धरून हसला असता.

तिथून टॅक्सीने निझवा. वाटभर करपलेल्या भाकरीसारखे डोंगर, गवताची काडी नाही. आणि अचानक खजुरीचं हिरवंगार रान, त्यातून वर आलेला किल्ल्याचा मातकट, गोल बुरूज. रानाच्या कडेने फलज (डोंगराच्या पोटातून आणलेला पाण्याचा पाट) खळखळत होता. वाहतं पाणी दिसलं की आपल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. मी चपला काढल्या, पदर खोचला, दक्षिणेकडे तोंड केलं आणि झाकण उघडलं.

तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. परक्या बाईकडे मान वर करून न बघणाऱ्या त्या मुलखात! माझी बोबडीच वळली.

"ये पीने का पानी है," पांढऱ्या दाढीचे एक म्हातारबाबा म्हणाले. हिंदी मुंबईच्या गोदीत शिकलेलं. "पूरा गाँव पीता है. क्या डालती हो?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "मेरे भाई हैं. डॉक्टर श्रीधर."

त्यांनी हात सोडला. हे सालेमचाचा, असं मग कळलं. त्यांच्या दोन्ही मुली दादाच्या हातावर जन्मलेल्या. दादा गेल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"इतना लंबा आदमी," ते डब्याकडे बघत म्हणाले, "इतने में?"

"हम लोग जलाते हैं, चाचा."

"तुमने जलाया? डॉक्टर को?"

न्यूजर्सीतल्या विद्युतदाहिनीचं बटण मीच दाबलं होतं. मी डब्याचं झाकण घट्ट लावलं. चाचा पाटाच्या कडेला बसले आणि घरचं माणूस गेल्यासारखे रडले. त्यांच्या घरी मला काहवा (वेलचीची कोरी कॉफी) आणि खजूर दिले. दादाला दिलेला शब्द आता पाळायचा कसा?

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला पिकअपमधून डोंगरातल्या आपल्या बागेत नेलं. रस्ता असा की मी अख्खी रामरक्षा दोनदा म्हटली. वर पायऱ्यापायऱ्यांची शेतं होती. एका डाळिंबाखाली त्यांनी स्वतः खड्डा खणला.

"लेकिन पानी में छोड़ना था," मी म्हटलं.

"पानी यहाँ आता है," चाचा म्हणाले. निझवाला पाणी याच डोंगरातून उतरतं. इथल्या वाडीलाही फलज आहे; पिऊन, धुऊन झालं की त्याचं पाणी शेवटी बागांना मिळतं. त्या दिवशी पाळी त्यांची होती. मी राख ठेवली, त्यांनी माती लोटली, काहीतरी पुटपुटले आणि पाटातला दगड सरकवला. पाणी झाडाच्या बुंध्याशी आलं. मी तिथेच मातीत बसून रडले.

घरी परतल्यावर नागपूरला फोन लावला. आईने पहिलं तेच विचारलं, "कुठल्या नदीत सोडलंस गं त्याला?"

"तिथे नदी नाही, आई. डाळिंबाखाली पुरलं."

पुरलं म्हटल्यावर आता रडणार, असं वाटलं मला.

"झाडाला पाणी असतं का?"

"पाळीने येतं. पण येतं."

"मग राहू दे," आई म्हणाली. "आता तरी पोटभर पिऊ दे त्याला."