चहा खपवणारा दादू भाटकर

दादू भाटकरला शाळामास्तर व्हायचं नव्हतं. मी स्वतः मास्तर, त्यामुळे त्याचं मला फारसं नवल वाटलं नाही, पण राग आला. छत्तीस सालच्या हिवाळ्यात त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. गोळपच्या शाळेत एक जागा रिकामी झाली होती आणि स्कूल बोर्डाने त्याला विचारलं होतं. दुसरीकडे मुंबईच्या एका चहा कंपनीने त्याला रत्नागिरीपासून पावसपर्यंतच्या गावांत चहाचा प्रचार करायला हंगामी नेमलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर कंपनीचा इन्स्पेक्टर येणार, काम बघणार आणि पटलं तर कायम करणार. बोर्डाला मात्र उत्तर त्याच्या आधीच हवं होतं.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस," मी म्हटलं.

"मास्तर, तुमच्या कोटाला हे ठिगळ कोणी लावलं?" त्याने विचारलं. मी ठिगळावर हात ठेवला.

सकाळी दादूने भाट्याच्या तरीच्या होडीतून खाडी उतरायची, चहाची ट्रंक खांद्यावर टाकून कातळाचा सडा चढायचा आणि गावात शिरायचं. तापलेल्या कातळावर चालून त्याच्या टाचा भेगाळल्या होत्या. कोणाच्या घरी गेला की त्यांच्याच चुलीवर, त्यांच्याच टोपात चहा करायचा, सगळ्यांना पाजायचा आणि त्याचे गुण सांगायचे. चहाने थकवा जातो हे सांगता सांगता हा स्वतः खांबाला टेकायचा. निघताना चहाचा एक चित्राचा डबा नमुना म्हणून फुकट ठेवायचा. पुढच्या फेरीला तो परत घेऊन दुसरा भरलेला द्यायचा, असा कंपनीचा नियम होता. रिकामा डबा म्हणजे घरात चहा चालू झाला, असं मुंबईचं गणित.

डबे परत येत, पण रिकामे नव्हे. कोणी त्यात पोहे भरून देई, कोणी आमसुलं, कोणी कुळथाचं पीठ. दादूच्या बायकोचं, सगुणाचं, फडताळ त्याने भरून गेलं. दादू खूश! लोकांना चहा इतका आवडला की ते डबे भरून परत देतात, असं त्याने मनाशी धरलं आणि बोर्डाला नकार कळवला. आपल्याकडे शेजारचं भांडं कोणी रिकामं परत करत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण माणसाला जे हवं असतं तेच त्याला दिसतं.

इन्स्पेक्टर आला. डोक्यावर हॅट, पायात मुंबईचे बूट, सडा चढताना भात्यासारखा धापा टाकत होता. दादूने त्याला आधी गोळपला यमुनाबाईंकडे नेलं. त्या दादूच्या लांबच्या काकी, आणि त्यांचे डबे सगळ्यांत भरगच्च येत.

"रोज करता ना चहा?" इन्स्पेक्टरने विचारलं.

यमुनाबाईंना खोटं बोलता येत नसे. त्या आत गेल्या आणि चिनी मातीची एक मोठी बरणी घेऊन आल्या. आजवर दिलेला सगळा चहा तिच्यात तसाच होता.

"मेलां कडू पाणी तां, साहेब! दादू आला की तेवढा घेतो आम्ही. पोर एवढां उन्हातनं चालत येतां, त्याला नको कसां म्हणायचां?"

पुढच्या दोन-तीन घरीही हेच निघालं. सगळा गाव चहा प्यायचा तो दादू आल्यावर, दादूसाठी. आपलं संपलं, हे ओळखून दादू एका दगडी गडग्यावर बसला. बोर्डाने तोवर शाळेत दुसरा माणूस घेतलाही होता.

इन्स्पेक्टर मात्र हसत होता. "भाटकर, चहाचे गुण सांगणारे मला पुष्कळ मिळतात. ज्याला लोक नाही म्हणू शकत नाहीत, असा माणूस मिळत नाही. तुम्ही कायम! आता नमुना बंद, पुढच्या फेरीपासून पुडा विकायचा."

त्या संध्याकाळी सगुणा म्हणाली, "नको म्हणा त्यांना. घरच्या माणसांकडे हात पसरणार तुम्ही?" पण दुसरी नोकरी होती कुठे?

पुडे खपले. दीड वर्ष जिल्ह्यात त्याच्याइतका खप कोणाचा नव्हता. संध्याकाळी ओट्यावर पाय सोडून बसायचा तेव्हा त्याच्याकडे बघवत नसे. एकदा म्हणाला, "मास्तर, पुडा घेताना कोणी पुड्याकडे बघत नाही. माझ्याकडे बघतात. आणि मला मान वर करवत नाही."

मग अडतीसच्या दिवाळीनंतर तो असाच गोळपला यमुनाबाईंच्या अंगणात शिरला. आत मुसळाचा आवाज येत होता. दादूची चाहूल लागताच मुसळ थांबलं. पावलं दारापाशी आली आणि आतून कडी लागली. कौलांतून धूर निघत होता. दादू हाक न मारता परत फिरला.

"राग नाही आला," तो मला म्हणाला. "उलट बरं वाटलं. बिचारीला एकदाचं नाही म्हणता आलं. पण तरीत बसल्यावर रडू आवरेना. त्या घरी आता मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

त्याने पावसचा रस्ता सोडला आणि लांज्याकडचा मुलूख मागून घेतला. तिकडे त्याचं ना गणगोत ना ओळख. खप निम्म्यावर आला. इन्स्पेक्टरने बोलावून खडसावलं, की असं झालंच कसं?

"साहेब," दादू म्हणाला, "तिकडच्या माणसांना नको असेल तर ती नको म्हणतात."