घुम्याने पलंग सोडला

माझ्या वर्गात तो शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा आणि बोलायचा नाही. मी प्रश्न विचारला की उभा राहायचा, छताकडे पाहायचा, आणि तोंड उघडायच्या आत तास संपायचा. मुलांनी त्याचं नाव घुम्या ठेवलं. शाळेच्या नाटकात मी त्याला राजवाड्याचा खांब केलं. नाकावर माशी बसली तरी खांब हलला नाही. हाच गुण पुढे त्याचं पोट भरेल असं मला वाटलं नव्हतं.

घुम्या नट झाला. एका मालिकेत त्याला कोमात गेलेल्या थोरल्या भावाचं काम मिळालं. सकाळी नऊला पलंगावर पडायचं, तोंडावर प्राणवायूचा मास्क, गळ्यापर्यंत पांघरूण, आणि संध्याकाळी सहाला उठून घरी जायचं. मालिकेतलं सगळं घर त्याच्या उशाशी येऊन रडे, भांडे, कट रचे. हे चौदा महिने चाललं. कधी त्याला खरीच झोप लागे. तो घोरू लागला की धाकट्या जावेचं काम करणारी नटी रडता रडता पांघरुणाखालून चिमटा काढी.

त्याची आई रोज साडेसातला टीव्हीपुढे स्टूल ओढून बसायची. तिचा उजवा कान पूर्ण गेलेला, डावा जेमतेम. म्हणून डावी बाजू पडद्याकडे आणि आवाज होता नव्हता तेवढा मोठा. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणायचा, "आजी, तुमच्यामुळे माझा टीव्ही घ्यायचा वाचला."

"आज बोलणार बघ," ती लेकाला सांगायची. "काल मास्कच्या आत ओठ हलले तुझे."

"आई, मी थुंकी गिळली."

"बोलायच्या आधी घसा ओला करतोच माणूस."

तिला लेकाचा आवाज घरी रोज ऐकू यायचा, पण तो तिच्या हिशेबात नव्हता. "घरात काय, सगळेच बोलतात. चारचौघांसमोर तुझं तोंड उघडलेलं मला एकदा ऐकायचंय," असं ती त्याच्या शाळेच्या दिवसांपासून म्हणत होती. आणि पावसाळा सरल्यावर कानाच्या डॉक्टरांनी घुम्याला बाजूला घेऊन सांगितलं, की डावा कान फार तर सहा महिने साथ देईल, पुढे यंत्राचाही उपयोग नाही.

घुम्या दुसऱ्याच दिवशी दिग्दर्शकाकडे गेला. "सर, मला एक वाक्य द्या."

"कोमातला माणूस बोलायला लागला तर त्याला कोमात कशाला ठेवलाय?"

"झोपेत बडबडतो असं दाखवा."

"अरे, तुझ्या गप्प राहण्यावर सगळा डोलारा उभा आहे. हवं तर पापणी हलव. आठवड्यातून दोनदा."

मग तो लेखकाला भेटला. लेखकाने बोटांवर मोजून सांगितलं, "आधी धाकट्या बहिणीचं लग्न. मग घराची वाटणी. मग हरवलेला जुळा भाऊ. त्यानंतर तू जागा होणार. दीड वर्ष धर."

दीड वर्ष कान थांबणार नव्हता. गावातल्या एका लहान नाटक मंडळीला त्याच वेळी नट हवा होता, आणि भूमिकेत दोन पानी भाषण होतं. घुम्या माझ्याकडे विचारायला आला. अर्धा तास बसला, चहा प्यायला, काही विचारलं नाही, आणि जाताना म्हणाला, "बरं झालं बाई, तुमच्याशी बोललो." करारातले आठ महिने शिल्लक असताना त्याने मालिका सोडली.

दिग्दर्शकाने समजावलं, मग तो चिडला. शेवटी म्हणाला, "जा. झोपायला काय, कोणीही मिळेल." दुसऱ्या दिवशी पलंगावर मेकअपवाला होता. मास्क आणि पांघरूण यांमधून तसंही कपाळच दिसायचं. प्रेक्षकांतल्या कोणाला काही कळलं नाही. घुम्याच्या आईलाही नाही.

पंचाईत तिथे झाली. नाटकाचा प्रयोग सातचा, आणि आई साडेसातचा भाग सोडायला तयार नाही.

"मी ते काम सोडलंय, आई."

"मग हा कोण झोपलाय?"

"मेकअपवाला."

"नऊ महिने पोटात वाढवलंय. मेकअपवाल्याचं कपाळ मला कळत नाही?"

"मी इथे तुझ्यासमोर उभा आहे ना?"

"ते आधीच शूटिंग करून ठेवलेलं असतं. मला शिकवू नकोस. आणि नेमका प्रयोगाच्या दिवशीच बोललास तर?"

घुम्याने हात टेकले. प्रयोगाच्या दिवशी त्याने मला आईला आणायला पाठवलं. मी पाऊण तास घसा कोरडा केला, ती स्टुलावरून हलेना. शेवटी शिंपी वर आला. "आजी, तुमच्या जागी मी बसतो. पोरगा बोललाच तर शब्द न शब्द लिहून ठेवतो." आणि खिशातला खडू काढून दाखवला. तेव्हा कुठे तिने चपला घातल्या.

मी तिला पहिल्या रांगेत बसवलं. पडदा उघडला. घुम्या प्रवासातून परतलेला नवरा. त्याने पिशवी खाली ठेवली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "घरात कोणी आहे का?"

नाटकात इथे शांतता होती. उत्तर मिळत नाही, म्हणून तो खचून खुर्चीत बसतो.

"अरे, आहे की," त्याची आई म्हणाली. "इथे पुढेच बसलेय."

सभागृह हसलं. घुम्या मिनिटभर खांबासारखा उभा राहिला. मग तो रंगमंचाच्या कडेला आला, गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "आहेस ना? मग ऐक."

आणि ते दोन पानी भाषण, जे बायकोला उद्देशून होतं, त्याने तिथूनच, आईच्या डाव्या कानाचा नेम धरून म्हटलं. एक शब्द गाळला नाही. मागे बायको झालेली नटी आत आली, नवऱ्याच्या पाठीकडे बघत थांबली, आणि काही सुचेना म्हणून पदराने टेबल पुसायला लागली.

आई हनुवटी वर करून ऐकत होती. भाषण संपल्यावर ती माझ्याकडे वळली आणि तिच्या मते कुजबुजली, "सगळं ऐकू आलं, बाई." ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. "पण ती बिचारी कधीची ताटकळलीय. त्याला सांगा, तिच्याशीही दोन शब्द बोल म्हणावं."