चाकणच्या तंबूतला वन्स मोअर

पुण्याहून चाकणला जायला सरळ एस.टी. आहे. गाडीत बसावं, भोसरी आणि मोशी मागं टाकावी आणि चाकणला उतरावं. ज्याला डोकं आहे तो असाच जातो. आम्ही चिंचवडवरून गेलो.

हा शोध आमच्या ह्यांचा. हे सरकारी कचेरीत नकाशे रंगवतात. नकाशावर चिंचवड आणि चाकण यांच्यात दीड बोटाचं अंतर आहे, आणि दीड बोट चालायला कुणाची हरकत असणार? "एस.टी.त मेंढरांसारखं कोंबतात," हे म्हणाले. "आगगाडीनं चिंचवड गाठू. तेवढाच प्रदेश पाहून होईल." लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर बायको अशा वेळी वाद घालत नाही, पाण्याचा तांब्या मोठा घेते.

जायचं कारण मात्र माझं होतं. रघुवीररावांची संगीत मंडळी चाकणला तंबू ठोकून बसली होती. ज्यांनी रघुवीररावांना ऐकलं नाही त्यांची मला दया येते, आणि ऐकूनही ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही त्यांच्याशी मी बोलत नाही. माझ्या सासूबाई त्यांतल्याच. पुण्यात रघुवीररावांचं नाटक लागलं की बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत मी असायचीच. पद संपलं की मी उभी राहून 'वन्स मोअर' द्यायची. ही ओरड आली की गाणाऱ्यानं ते पद पुन्हा म्हणायचं, हा संगीत नाटकाचा रिवाज. चांगल्या घरच्या बाईनं असं ओरडावं का, यावर आमच्या आळीत बरीच चर्चा झाली. मी चर्चेला हजर नव्हते, नाटकाला होते. पण गेलं वर्षभर मंडळी पुण्याकडे फिरकलीच नव्हती. रघुवीरराव पुण्याला विसरले म्हणून मी मनातून रुसले होते, आणि रुसूनसुद्धा निघाले होते.

पिंपरीला गाडीच्या खिडकीतून नव्या कारखान्याचे लोखंडी सांगाडे दिसले. एक गृहस्थ म्हणाले, पुढेमागे इथं सगळीकडे कारखानेच होणार. मी बाहेर पाहिलं. माळ, बाभळी आणि एक म्हैस. त्या गृहस्थांना उन्हाचा त्रास होत असावा असं वाटून मी त्यांना पाणी दिलं.

चिंचवड स्टेशनावर उतरून ह्यांनी टांगेवाल्याला विचारलं, "चाकणला येणार का?" टांगेवाला घोड्याकडे बघून हसला. घोडाही हसला असावा. आम्ही चालू लागलो, आणि दीड बोट किती लांब असतं ते ह्यांना हळूहळू कळू लागलं. एवढ्यात मागून बैलगाडी आली. चिखलीच्या हौसाबाई स्टेशनवर माळवं (भाजीपाला) पोचवून परत निघाल्या होत्या. गाडी त्यांचा नवरा हाकत होता, आणि नवऱ्याला त्या.

"कुटं निगालाय वो, उन्हातान्हाचं?"

"चाकणला. नाटकाला."

"मंग चढा की! आमी बी थितंच चाललोय. समदी चिखली चाललीया."

हौसाबाईंनी जन्मात संगीत नाटक पाहिलं नव्हतं. मग मी चिखलीपासून तळवड्यापर्यंत त्यांना रघुवीरराव समजावून सांगितले. त्यांचा षड्ज कसा लागतो, तान कशी उतरते, चांदण्याचं पद म्हणताना ते डोळे कसे मिटतात. हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाय किती दूध देती तुमची?" गाय नाही म्हटल्यावर त्या माझ्याकडे जरा कणवेनं पाहू लागल्या.

इंद्रायणीला चैत्रात पाणी घोट्याएवढं, पण वाळूत चाक रुतलं. ह्यांनी धोतर सावरून खाली उतरून मार्गदर्शन केलं. मार्गदर्शन चालू असताना ह्यांची एक वहाण नदीनं नेली. चाक हौसाबाईंनी आणि बैलांनी काढलं. मग पलीकडच्या काठावर बसून आम्ही बाजरीची भाकरी, हुलग्याचं कोरड्यास (कालवण) आणि बुक्कीनं फोडलेला कांदा खाल्ला. पुण्यात ह्यांना हुलगे चालत नाहीत. इथं दोनदा मागून घेतले.

महाळुंग्यावरून चाकणला पोचलो तेव्हा बाजार भरात होता. जिकडेतिकडे कांद्याच्या राशी आणि बटाट्याच्या आरणी (सावलीत झाकून रचलेले ढीग). तंबू बाजाराला लागूनच होता. म्हणजे नाटकात रडू आलं तर ते कशामुळे आलं हे सांगणं कठीण. प्रयोग दुपारचा, कारण गाड्या घेऊन आलेल्यांना दिवस मावळायच्या आत घरी जायचं होतं. भर उन्हात चांदण्याचं पद! रघुवीररावांनी हे कसं कबूल केलं, या विचारानं माझा जीव कळवळला.

मी तडक तंबूच्या मागे गेले, हे माझ्या मागोमाग. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही. महाराजाधिराज मांडी घालून बटाटे सोलत होते. राजकन्या तांदूळ निवडत होती. राक्षस कोपऱ्यात घोरत होता, आणि एवढा गरीब चेहऱ्याचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. राजकन्येजवळ पातळाचा पदर खोचून एक पोक्त बाई उभ्या होत्या. या रघुवीररावांच्या पत्नी माई, मंडळीचा सगळा कारभार यांच्या हाती. मी नमस्कार केला, पुण्याहून आल्याचं सांगितलं, आणि माझ्या भक्तीची थोडक्यात कल्पना दिली.

माई माझ्याकडे टक लावून पाहत राहिल्या. "तिसऱ्या रांगेतल्या? तुम्हीच का त्या?"

मी लाजले. आपली कीर्ती इथवर पोचली असेल असं कुणाला वाटतं?

"अहो, या बघा!" माईंनी हाक मारली. "वन्स मोअरवाल्या बाई आल्यात!"

सगळी मंडळी गोळा झाली. राक्षसही उठला. महाराज हातातला बटाटा तसाच धरून म्हणाले, "बाई, पुण्याच्या प्रयोगात तुमच्या पायी मी सिंहासनावर झोपलो होतो. रघुवीररावांचं पद संपेना आणि मला तर उठून जाता येईना." राजकन्येनं सांगितलं की वेण्या घातलेलं डोकं माझ्यामुळे तिचं दोनदा दुखलं होतं. कौतुकाची मी जी वाक्यं रस्ताभर मनात जुळवली होती, त्यांत हे कुठंच बसत नव्हतं.

माईंनी मला बाजूला नेलं. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"ह्यांच्या गळ्यात गाठ झालीय. डॉक्टर म्हणतात, गाणं बंद करा. हे ऐकत नाहीत. एवढा हंगाम कसाबसा काढायचा, मग मीच तंबू विकणार. पद एकदा म्हटलं तर निभतं. दोनदा म्हटलं की दुसऱ्या दिवशी बोलताही येत नाही. आणि मागितलं की नाही म्हणायचं नाही, ही ह्यांची जन्माची खोड. म्हणून मी सगळे प्रयोग खेड्यांत लावले. इथं लोक कीर्तनाला बसल्यासारखे गप्प ऐकतात. वन्स मोअर कुणाला माहीत नाही." मग त्यांनी माझा हात धरला. "आणि तुम्ही इथंही आलात."

पुण्याला विसरले म्हणून मी ज्यांच्यावर रुसले होते, ते माझ्यापासून पळत होते. मला भडभडून आलं. मी माईंना म्हटलं, मी तोंड उघडणार नाही.

"शपथ घ्या."

मी ह्यांची शपथ घेतली, कारण हे एका वहाणेनं शेजारीच उभे होते आणि सोयीचे होते.

तेवढ्यात कनात सरकली आणि रघुवीरराव दिसले. राजपुत्राचा वेष झाला होता. राजपुत्राचं वय नाटकात वीस सांगितलं आहे, बाकीची चाळीस त्यांनी पदरची घातली होती. प्रयोगापूर्वी ते मौन पाळत, त्यामुळे बोलले नाहीत. पण मला ओळखलं, आणि त्यांचा रंगवलेला चेहरा असा फुलला की माझं मन मलाच खाऊ लागलं.

तंबूत बायका एकीकडे आणि पुरुष गावागावांनी एकीकडे बसले होते. हौसाबाईंनी मला आपल्या शेजारी सतरंजीवर जागा धरली होती. पहिल्या अंकात राक्षस आला तेव्हा पोरं किंचाळली, आणि राक्षस पुन्हा एकदा डरकाळी फोडून गेला. दुसऱ्या अंकात चांदण्याचं पद आलं. तंबूच्या भोकांतून ऊन असं शिरत होतं की राजकन्या डोळ्यांवर हात धरून चंद्राकडे पाहत होती. ऑर्गनचा सूर लागला, रघुवीररावांनी डोळे मिटले, आणि बाहेरची बाजाराची ओरड मला ऐकू येईनाशी झाली. आवाज पहिल्यासारखा नव्हता. कडेला थोडा खरवडलेला होता. पण सुरांच्या जागा त्याच होत्या, आणि मला रडू आलं. कांद्याचं नव्हे.

पद संपलं. तंबू गप्प. माई म्हणाल्या तशीच ती गप्प माणसं, हात मांडीवर ठेवून, पुढं काय होतं याची वाट पाहणारी. रघुवीररावांनी डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे पाहिलं. ऑर्गनवाल्यानं सूर धरून ठेवला होता. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. ते पाहत राहिले. मग त्यांची नजर खाली गेली.

"काय वो ताई," हौसाबाई कुजबुजल्या, "रडताय व्हय? ग्वाड म्हनला की. परत म्हनंल का?"

"नाही म्हणणार," मी बोळ्याआडून म्हणाले. "परत म्हणत नसतात."

"इचारल्याबिगर कसं कळंल?" आणि मी त्यांचा हात धरायच्या आत त्या उभ्या राहिल्या. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक पोचवणारा गळा तो. "ओ राजं! तेवढं गानं पुन्यांदा म्हना की! आमच्या चिखलीच्या बायांना लई आवाडलंय!"

रघुवीररावांच्या तोंडावर दिवा लागला. ऑर्गनवाल्यानं विंगेत माईंकडे पाहिलं, पण राजपुत्रानं गायला सुरुवातही केली होती.

इथंच थांबलं असतं तर निभलं असतं. पण त्या भागात मान नावाची एक गोष्ट आहे. जत्रेतला नारळ असो नाहीतर लग्नातला फेटा, एका गावाला दिला की दुसऱ्याला द्यावाच लागतो. पद दुसऱ्यांदा संपलं आणि पुरुषांतून एक पागोटेवाले म्हातारबा उठले.

"चिखलीला दिलं, मंग म्हाळुंग्यानं काय घोडं मारलंय? आमाला बी म्हना."

महाळुंग्यासाठी ते तिसऱ्यांदा गायले. या खेपेला तान अशी घेतली की पुण्यात कधी घेतली नव्हती. ती अजून हवेत होती तोवर तळवड्याची माणसं उभी राहिली. "आमी काय वाटंवर पडलोय व्हय?" रघुवीररावांनी त्यांना लवून मुजरा केला आणि चौथ्यांदा सूर लावला. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत ते वरच्या षड्जावर गेले आणि तिथं आवाज नुसता नाहीसा झाला. तोंड उघडं, हात वर, आणि ऑर्गन एकटा. तळवडेकरांना वाटलं, गाणं असंच संपतं. त्यांनी फेटे उडवले.

बाकीचं नाटक राजपुत्रानं खुणांनी केलं आणि त्याची वाक्यं महाराजांनी म्हटली.

मी आत गेले तेव्हा रघुवीरराव ट्रंकेवर बसले होते, गळ्याला ओलं फडकं. मला पाहून उठले आणि हात जोडले. बोलायचा प्रयत्न केला, नुसती हवा आली. मग तीन बोटं वर केली. तीन वन्स मोअर! पुढं ओठांनीच सावकाश म्हणाले, 'पुण्यात दोनच.' साठीचा माणूस, गळा कायमचा गेलेला, आणि अंगावर मूठभर मांस चढलेलं. पहिली ओरड मीच हौसाबाईंकडून करवली, असं ते धरून चालले होते.

माईही तेच धरून चालल्या होत्या. "शपथ घेतली होतीत," त्या एवढंच म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं.

माझ्या मागं हौसाबाई येऊन उभ्या होत्या. राजाला जवळून बघायचं म्हणून नारळ घेऊन आल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. त्यांच्याकडे बोट दाखवून 'ह्या आपणहून उठल्या' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"चुकलं माझं, माई," मी म्हणाले.

परत आम्ही एस.टी.नं आलो. मोशीला हे म्हणाले, "तू तर तोंडच उघडलं नव्हतंस."

"नव्हतं."

"मग कशाला अंगावर घेतलंस?" आणि थोड्या वेळानं, स्वतःची नाडी पाहत, "माझी शपथ होती म्हणून विचारतो."

हौसाबाईंसाठी घेतलं, असं मी सांगितलं, आणि ह्यांनी मला मोठ्या मनाची ठरवून टाकलं. रघुवीरराव त्यानंतर गायले नाहीत. माईंनी तंबू विकल्याचं कळलं. आमच्या आळीत मी ही हकीकत सांगते तेव्हा बायका माझ्या त्यागाचं कौतुक करतात, सासूबाईसुद्धा. त्यांना मी बाकीचं सांगत नाही, तुम्हाला सांगते. हौसाबाई उभ्या राहिल्या तेव्हा मी घाबरले होते, ते खरं. पण म्हातारबा उठले तेव्हा तोंडातला पदर कधी गळून पडला ते मला कळलं नाही. आणि तळवड्यासाठी चौथ्यांदा सूर लागला तेव्हा मी डोळे मिटून मनात म्हणत होते, अजून चाकणकर राहिलेत.