शून्य मार्कांची वही

सुपा गावातल्या परमिट रूममध्ये दर शनिवारी, पहिली शिफ्ट सुटली की तो खिडकीपाशी येऊन बसायचा. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पुढ्यात दर वेळी वेगळी बिअर आणि वाचनालयाची कादंबरी. डोळे मिटून घोट तोंडात घोळवायचा, वहीत मार्क द्यायचा आणि पुन्हा वाचायला लागायचा.

एकदा मी शेजारच्या टेबलावरून वहीत डोकावलो. कादंबऱ्यांना दहापैकी सात, आठ. बिअरच्या नावांपुढे मात्र पानभर शून्य.

"एवढी वाईट लागते, तर पिता कशाला?" मी विचारलं.

"बिअर वाईट न्हाई. तापात माझी चव गेली. डॉक्टर म्हनले, आता इसरा." त्याने वही मिटली. "घरची भाजी आठवनीनंच गोड लागती. नव्या बाटलीची आठवन नसती, म्हनून ती खरं सांगती. आन् शून्य द्यायचं तरी चाखूनच द्यावं लागतं."

गेल्या शनिवारी पहिल्याच घोटाला तो थांबला. दुसरा घेतला. पुस्तक बाजूला सारून ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"चाखून सांगा, कडू हाय का?"

मी घोट घेतला.

"लई कडू," मी म्हणालो.

तेव्हा कुठे त्याने पेन उचललं आणि अर्धा मार्क दिला.