ढोलावर नाचणारी वेदिका

विमलाताईंना वाडीत अंगणवाडीच्या बाई कुणी म्हणत नाही, 'पोरांची तलाठीण' म्हणतात. कुणाला दात आला, कोण चालायला लागलं, सगळं बाईंच्या वहीत. पण यमुनाबाईंचं घर आलं की या तलाठिणीचा पाय उंबऱ्यातच अडखळे.

यमुनाबाईंची नात वेदिका साडेतीन वर्षांची झाली, तरी तोंडातून एक शब्द नाही. दीड वर्षात बाईंनी सहा फेऱ्या मारल्या. प्रश्न पोरीबद्दल, उत्तरं आजीची.

"हाक मारली की वळते?"

"वळते तर!"

बाईंनी पोरीच्या पाठीमागे ताट आपटलं. मांजर मागच्या परड्यात पळालं, पोरगी खेळतच राहिली.

"तंद्रीत असते गो ती. तिचा बापूस पन पाच वर्सांपर्यंत बोलला नव्हता. आता मुंबैत बघ कसा पोपटासारखा बोलतो! आनि बहिरी कसली? ढोल वाजला की नाचते!"

"कान तपासून घेऊ, यमुनाकाकी. आत्ता कळलं तर यंत्र लावून बोलायला शिकवता येईल."

"हर्षद मुंबैतनं शिमग्याला येईल तवा बघू."

शिमगा आला, हर्षदही आला. पालखी अंगणात नाचली, ढोल घुमला आणि वेदिका सगळ्यांच्या पुढे. यमुनाबाईंनी बाईंकडे असं पाहिलं, जणू सरपंचपदच जिंकलं!

ढोल थांबल्यावर बाई हर्षदला म्हणाल्या, "ढोल अंगाला जाणवतो रे, पायाखालची जमीन हादरते. आता मागून हाक मार."

"वेदू!" एकदा, दोनदा. तिसऱ्या हाकेला अख्खी वाडी वळली, वेदू नाही.

हर्षदचा चेहरा उतरला. "परवा ड्युटीवर जायचंय, बाई. गणपतीत आलो की नक्की..."

बाई उसळल्याच. "शिमगा नाहीतर गणपती! पोरीचे कान काय चाकरमानी आहेत, रजा काढून यायला?"

ढोलवालेसुद्धा हसले. हसली नाही ती वेदिकाची आई, मृणाली. सासूपुढे कधी मान वर न करणाऱ्या त्या सुनेने आरतीचं ताट खाली ठेवलं.

"बाई, रत्नागिरीत कानांची तपासणी बुधवारी असते ना? एसटी किती वाजता?"

"सव्वासात."

"अगो, पन..." यमुनाबाई.

"तुम्हीपण चला, आई. पण तिथे उत्तरं मी देणार."

बाईंना आनंद व्हायला हवा होता. झाला चडफडाट, तोही स्वतःवरच. सहा फेऱ्यांत मृणाली दर वेळी चुलीपाशीच बसलेली असायची, आणि तिला त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता.